जुन्या नकाशातली ट्राम आजच्या जमिनीवर : क्यूजीआयएसच्या ‘जिओरेफरन्सर’चे परीक्षण

केरळातील चालकुडीपासून परंबिकुलमच्या सागवानी जंगलापर्यंत कोचीन संस्थानाची एक वन-ट्राम धावत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेली आणि १९६३ मध्ये गुंडाळलेली ही मीटर गेजची लाइन ४९.५ मैल, म्हणजे जवळजवळ ८० किलोमीटर लांब होती. डोंगरातले सागवानाचे आणि शिसवीचे ओंडके चालकुडीला उतरवायचे आणि तिथून मोठ्या रेल्वेने कोचीन बंदराकडे रवाना करायचे, एवढ्याचसाठी ती बांधली होती. आज परंबिकुलम केरळात असूनही तिथे गाडीने जायचे तर तमिळनाडूतून, पोल्लाची, सेतुमडै आणि टॉपस्लिप या मार्गाने जावे लागते. चालकुडीहून थेट वर चढणारी जी वाट ट्रामने केली होती, तिची जागा दुसऱ्या कोणत्याही रस्त्याने घेतलेली नाही. ही वाट नेमकी कुठून जात होती, हे जुन्या नकाशांवरून शोधून आजच्या नकाशावर उमटवण्याचे काम मी गेले सहा-सात महिने करत आहे आणि त्यासाठी जे साधन वापरले, त्याचे हे परीक्षण आहे.

साधन म्हणजे क्यूजीआयएस हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्यातही ‘जिओरेफरन्सर’ हा त्याचा एक भाग. २००२ मध्ये गॅरी शेरमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरचे स्वयंसेवक आणि संस्था मिळून चालवतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. जिओरेफरन्सरचे काम सांगायला सोपे आहे. कागदी नकाशाचे स्कॅन केलेले चित्र संगणकाच्या दृष्टीने निव्वळ चित्र असते, त्याला अक्षांश-रेखांशांची जाण नसते. त्या चित्रावरच्या काही ओळखीच्या जागा आपण निवडायच्या, त्या पृथ्वीवर कुठे आहेत ते सांगायचे, आणि मग हे साधन सबंध चित्र ताणून, फिरवून, गरज पडल्यास थोडे वाकवून योग्य जागी बसवते. एकदा नकाशा असा बसला की त्याच्यावर आजचे उपग्रहचित्र ठेवता येते, आणि नकाशातली जुनी रेघ आजच्या कोणत्या डोंगरकडेवरून जाते ते दिसू लागते.

महाराष्ट्रात भूगोल शिकलेल्या प्रत्येकाने प्रात्यक्षिकाच्या तासाला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे हाताळलेले असतात, त्यामुळे पत्रकांच्या, म्हणजे नकाशाच्या एकेका कागदाच्या, क्रमांकांची पद्धत येथे उपयोगी पडते. चार अंश गुणिले चार अंशांच्या चौकोनाला एक आकडा, त्याच्या सोळा भागांना ए ते पी अशी अक्षरे, आणि प्रत्येक अक्षराच्या पुन्हा सोळा भागांना १ ते १६ असे क्रमांक, वरून खाली आणि मग पुढच्या उभ्या रांगेत. या हिशेबाने पुणे ४७ एफ/१४ मध्ये येते. चालकुडी ५८ बी/७ मध्ये येते, अतिरप्पिळ्ळी आणि कुरियारकुट्टीचा परिसर ५८ बी/११ मध्ये, आणि परंबिकुलम ५८ बी/१५ मध्ये. म्हणजे एक इंच बरोबर एक मैल या प्रमाणाची, शेजारी शेजारी बसणारी तीनच पत्रके मिळवली की ट्रामच्या मार्गाचा प्रदेश टेबलावर मांडला जातो. या पत्रकांच्या सांकेतिक चिन्हांत हलकी रेल्वे किंवा ट्रामवे यांसाठी वेगळी खूण दिलेली असते, आणि ती एकदा डोळ्यांत बसली की पायवाटेच्या तुटक रेषांपासून ती वेगळी काढता येते.

पण मी परंबिकुलमपासून सुरुवात केली नाही, आणि ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनीही नष्ट झालेल्या लाइनपासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. जी लाइन आज जागेवर नाही तिच्यावर आपण किती चुकलो हे कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून मी आधी नेरळ-माथेरान घेतले. ती १९०७ मध्ये सुरू झालेली, म्हणजे या ट्रामच्याच पिढीतली. दोन्हीकडे ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची इंजिने धावली. आणि माथेरानचे रूळ आजही आहेत. जुन्या पत्रकांत नेरळ ४७ ई/८ मध्ये आणि माथेरान ४७ एफ/५ मध्ये असल्याने दोन पत्रकांचा सांधा जुळवण्याचा सरावही आपोआप होतो. नकाशा बसवला, जुन्या रेषेवरून नवी रेषा काढली आणि ती उपग्रहचित्रातल्या प्रत्यक्ष रुळांशी ताडून पाहिली. पहिल्या प्रयत्नात माझी रेषा रुळांपासून दीडशे मीटरांहून दूर होती, चौथ्या प्रयत्नात बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस मीटरांच्या आत आली. त्याहून पुढे जाण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही, कारण या प्रमाणावर नकाशातली अर्धा मिलिमीटर जाडीची रेघच जमिनीवर जवळजवळ ३२ मीटर रुंद होते.

पहिल्या प्रयत्नातली ती दीडशे मीटरांची चूक कुठून आली, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण नवख्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते. पत्रकाच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात, ते टंकित केले की काम झाले असे वाटते. परंतु ते आकडे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिमानावर, आधारलेल्या जुन्या भारतीय प्रणालीतले आहेत, आणि आपले मोबाइल व उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीत चालतात. एकाच आकड्याने दोन्ही प्रणालींत दाखवली जाणारी जागा आपल्याकडे साधारण शंभर ते दोनशे मीटर वेगळी पडते. सपाट शेतात हा फरक चालून जाईल, पण डोंगराच्या कडेने जाणारी ट्राम एवढ्या फरकाने थेट ओढ्यात उतरते. क्यूजीआयएसमध्ये यावर उपाय सरळ आहे. संदर्भप्रणाली निवडताना कल्याणपूर १९७५ (यादीतला तिचा क्रमांक ईपीएसजी ४१४६) निवडावी, आणि पुढचे रूपांतर सॉफ्टवेअरवर सोपवावे. प्रणालींची इतकी मोठी यादी हाताशी असणे आणि त्यांच्यातले रूपांतर आपोआप होणे, हे या साधनाचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे बळ आहे. ही यादी ज्यांनी चिकाटीने भरली त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दुसरी ठेच याहून मोठी होती, आणि तिचा दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. ट्राम येण्यापूर्वीची जंगलातली वाट पाहता यावी म्हणून मी एका विक्रेत्याकडून एकोणिसाव्या शतकातल्या, चार मैलांना एक इंच या प्रमाणाच्या नकाशाचे स्कॅन विकत घेतले. चित्र स्वच्छ होते, रंग छान उतरले होते, पण देखणे दिसावे म्हणून नकाशाचा समास कापून टाकलेला होता. चौकटीलगतचे रेखांशांचे आकडे राहिले होते, त्यांच्याखालची तळटीप गेली होती. मी आकड्यांवर विसंबून नकाशा बसवला, तर चालकुडी नदी आपल्या जागेपासून पूर्वेला साडेचार किलोमीटर सरकलेली. दोन रात्री मी माझेच बिंदू पुन्हा पुन्हा तपासत बसले. मग लक्षात आले की भारताच्या सर्वेक्षणाचा मूळबिंदू असलेल्या कल्याणपूरचा रेखांश जुन्या गणितात ७७ अंश ४१ मिनिटे ४४.७५ सेकंद धरला जाई, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सुधारून ७७ अंश ३९ मिनिटे १७.५७ सेकंद करण्यात आला. दोहोंतला फरक २ मिनिटे २७ सेकंद. दहा अंश अक्षांशावर याचे अंतर होते जवळजवळ ४.५ किलोमीटर, माझ्या नदीने खाल्लेले नेमके तेवढेच. जुन्या नकाशांच्या समासात या दुरुस्तीविषयी टीप असते. समास कापणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा कागद फाडून बाटली विकण्यासारखे आहे. त्या विक्रेत्याला मी पत्र लिहिले आणि त्याने समासासह दुसरे स्कॅन पाठवले, हे नमूद करायला हवे. स्कॅन घेताना कोणाकडूनही घ्या, पण चारही समास, पत्रक क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष दिसत असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत. स्कॅनची घनताही विचारावी. एक इंची पत्रक ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या घनतेने, स्कॅन केले तर चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ५.४ मीटरांचा होतो आणि ट्रामच्या रेषेवरच्या बारीक आडव्या टिकल्या मोजता येतात. १०० डीपीआयला त्याच टिकल्या धुरकट होऊन पायवाटेत मिसळतात.

जिओरेफरन्सरमध्ये नकाशा ताणण्याच्या अनेक रीती आहेत, आणि कोणती निवडायची यावर निकाल पुष्कळ अवलंबून असतो. पहिल्या घाताची बहुपदी रीत, म्हणजे चित्र न वाकवता फक्त ताणणारी आणि फिरवणारी, किमान तीन बिंदूंवर चालते, दुसऱ्या घाताला सहा लागतात, तिसऱ्याला दहा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही रीत मात्र प्रत्येक बिंदूला जागच्या जागी खिळवते आणि मधला कागद रबरासारखा वाकवते. तिच्यात प्रत्येक बिंदूची शिल्लक चूक, म्हणजे नकाशा बसवल्यावर बिंदू आपल्या जागेपासून जेवढा चुकतो ते अंतर, शून्य दिसते आणि ते शून्य फार फसवे असते. एखादा बिंदू तुम्ही चुकीच्या देवळावर ठेवलात तरी तिथली चूक शून्यच दिसणार, फक्त नकाशा त्या ठिकाणी गुपचूप मुरडला जाणार. माझा अनुभव असा की चांगल्या स्थितीतल्या पत्रकाला पहिल्या घाताची रीत पुरते, आणि तिच्यात दिसणारी शिल्लक चूक हीच आपली खरी मित्र. पंधरा बिंदूंपैकी तेरा नीट बसले आणि दोन भरकटले, तर ते दोन पुन्हा पाहावेत. माझ्या ५८ बी/११ च्या प्रतीत असे दोन बिंदू भरकटले, ते दोन्ही घडीच्या एकाच बाजूला होते. भिंग लावून पाहिल्यावर दिसले की कापडावर चिकटवलेला कागद घडीच्या ठिकाणी जेमतेम दीड मिलिमीटर उसवला आहे. जमिनीवर ते शंभराच्या आसपास मीटर होतात. अशा पत्रकाचे घडीवर दोन तुकडे करून दोन्ही वेगवेगळे बसवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि मी तोच धरला.

बिंदू निवडण्याविषयीही सांगायला हवे. नदीचा संगम चांगला, पण सपाट मैदानातला नको, कारण तिथे पात्र सरकते. चालकुडीच्या बाजूला रेल्वेचा पूल, जुनी चर्च आणि देवळे हे भरवशाचे बिंदू मिळाले. जंगलाच्या बाजूला मात्र मोठी अडचण आली. जुन्या पत्रकांत परंबिकुलम आणि तूनक्कडवु येथे केवळ ओढे आणि नद्या आहेत, आज तिथे परंबिकुलम-आळियार प्रकल्पाचे जलाशय पसरलेले आहेत. संगम पाण्याखाली गेले, काठ राहिला नाही. म्हणून तिथे मी डोंगरांच्या माथ्यांवरचे त्रिकोणमितीय बिंदू, म्हणजे सर्वेक्षकांनी मोजून नकाशात खूण केलेल्या जागा, वापरले. डोंगर सरकत नाहीत.

आता खुद्द ट्रामकडे येते. नकाशा नीट बसल्यावर रेषेवरून नवी रेषा काढणे हे तासाभराचे काम, पण ती रेषा खरी आहे का हे ठरवण्यासाठी क्यूजीआयएसमधली दुसरी सोय मला फार मोलाची वाटली. ३.२६ या आवृत्तीपासून त्यात उंचीचा छेद दाखवणारी खिडकी आली आहे. २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीतून तयार झालेली ३० मीटर अंतराची उंचीची माहिती विनामूल्य मिळते. ती खाली ठेवून ट्रामच्या रेषेवर छेद काढला की लाइन किती चढली, किती उतरली, हे आलेखात दिसते. ओंडक्यांनी लादलेली गाडी तीव्र चढ चढू शकत नाही, म्हणून ट्रामची रेषा समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) धरून, वळसे घेत, हळूहळू वर सरकते. छेदात ही वाट जवळजवळ सरळ दिसायला हवी. जिथे दात दिसतात, तिथे रेषा बाजूला घसरलेली असते, आणि वीस-तीस मीटर वर किंवा खाली सरकवली की आलेख पुन्हा शांत होतो. जुन्या नकाशाची जी चूक भूमितीने सुटत नाही ती अशी उताराने सुटते.

मात्र काही ठिकाणी आलेख एकदम कड्यासारखा तुटतो, आणि तिथे रेषा दुरुस्त करायला जाणे ही घोडचूक ठरेल. या ट्रामच्या मधल्या टप्प्यात गाडीचा मार्ग समोच्च रेषांना सोडून त्यांना आडवा छेदत सरळ खाली येतो. हे होते तिचे उतार, म्हणजे इन्क्लाइन. तिथे इंजिन चालत नसे. दोरखंडाच्या एका टोकाला भरलेले डबे खाली येत आणि त्यांच्या वजनाने दुसऱ्या टोकाचे रिकामे डबे वर ओढले जात, वेग ब्रेकने आवरला जाई. माथेरानच्या गाडीने डोंगर वळणांनी चढला, कोचीनच्या ट्रामने तो वजनाच्या जोरावर उतरला, आणि दोहोंतला हा फरक छेदाच्या आलेखात एका नजरेत कळतो. कावला परिसरातले असे उतार मी पहिल्यांदा आलेखात पाहिले तेव्हा नकाशातली ती सरळ, कोरडी रेघ म्हणजे दोरखंडाची वाट आहे हे कळले, आणि त्या रात्री मी संगणक बंद करू शकले नाही.

या उंचीच्या माहितीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. रडारच्या लहरी दाट जंगलात जमिनीपर्यंत पुरत्या पोहोचत नाहीत, झाडांच्या शेंड्यांजवळची उंची मिळते. उंच सदाहरित वृक्षांच्या राईतून नवी तोड झालेल्या भागात शिरताना आलेखात पायरी दिसते, ती जमिनीची नसते. आणि जलाशयाच्या जागी पाण्याचा पृष्ठभाग मोजला गेला असल्याने तळाशी गेलेल्या वाटेविषयी ही माहिती काहीच सांगत नाही. तिथे १९६३ च्या आधीच्या पत्रकावरच्या समोच्च रेषा हाच एकमेव आधार आहे. त्या रेषा मी एकेक करून हाताने गिरवल्या. सॉफ्टवेअरने या कामात वेळ वाचवला नाही, पण गिरवलेल्या रेषांवरून उंचीचा पृष्ठभाग तयार करून दिला.

तिन्ही पत्रकांवरून काढलेल्या रेषेची लांबी मूळ ८० किलोमीटरांपेक्षा दोन-तीन किलोमीटर कमीच भरली. याने मला वाईट वाटले नाही. एक इंची नकाशावर लहान वळणे सरळ करूनच काढावी लागतात, तेव्हा मोजणी कमी येणे स्वाभाविक आहे. ती जास्त आली असती तर मी काळजीत पडले असते.

व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मनाला येईल तिथे शिरता येत नाही आणि येऊही नये. वनखात्याच्या परवानगीने आणि तिथल्याच एका आदिवासी वाटाड्याच्या सोबतीने जेवढे चालता येते तेवढेच मी चालले. निघण्यापूर्वी काढलेली रेषा क्यूफिल्ड या मोबाइल ॲपमध्ये उतरवून घेतली होती, त्यामुळे नेटवर्क नसतानाही ती दिसत होती. एका वळणावर वाटाड्याने हात करून डोंगराच्या कडेला कोरलेली सपाट पट्टी दाखवली, ‘ट्रामवे’ एवढाच शब्द उच्चारला. पट्टीवर पालापाचोळा साचला होता, वरच्या अंगाला दगडांची जुनी रचाई मुळांनी पोखरली होती. मोबाइलवरची माझी रेषा तिथून २५ मीटर खालच्या उतारावर होती. ती मी जागेवरच सुधारली, आणि त्या एका दुरुस्तीने पुढच्या दीड किलोमीटरचा छेद नीट झाला.

आता साधनाविषयी थोडे रोखठोक. क्यूजीआयएस शिकायला वेळ लागतो. नकाशांची सवय नसलेल्या माणसाला पहिले दोन आठवडे त्याच्या मेन्यूंमध्ये हरवल्यासारखे वाटेल. जिओरेफरन्सर पूर्वीच्या आवृत्त्यांत रास्टरच्या यादीत होता आणि आता लेयरच्या यादीत आहे, त्यामुळे जुन्या धड्यांवरून शिकणाऱ्याची वाट चुकते. शिल्लक चूक सहसा चित्राच्या ठिपक्यांत दाखवली जाते, तिचे मीटर करताना प्रमाण आणि घनता हिशेबात घ्यावी लागते. ज्यांना फक्त जुना नकाशा नव्यावर ठेवून कुतूहल शमवायचे आहे, त्यांनी एवढा खटाटोप करू नये, त्यांच्यासाठी टेक्सास विद्यापीठाच्या नकाशासंग्रहातली अमेरिकी लष्कराची अडीच लाखांत एक प्रमाणाची विनामूल्य पत्रके पुरेशी आहेत. पण त्या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर, तेव्हा मार्ग शोधण्यासाठी ती चालणार नाहीत. मार्ग शोधायचा असेल तर एक इंची पत्रके, पुरेशा घनतेचे स्कॅन आणि हे साधन, या तिन्हींवाचून माझ्या माहितीत दुसरा उपाय नाही. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर खर्च फक्त स्कॅनचा आणि प्रवासाचा आला.

नावांच्या बाबतीत एक सोय मला विशेष भावली. इंग्रजी पत्रकांत मल्याळी गावांची नावे दर आवृत्तीत वेगळी लिहिलेली आढळतात, पण क्यूजीआयएसमध्ये देवनागरी नावे सहज उमटतात. मी एका जागेचे नाव ओरुकोम्बन असे लिहिले तेव्हा ‘ओरु’ म्हणजे एक आणि ‘कोम्बन’ म्हणजे सुळेवाला हत्ती, हा अर्थ पुन्हा ऐकू येऊ लागला. कुरियारकुट्टीच्या नावापुढे मी एक छोटी नोंद जोडली आहे. मुंबईचे डॉ. सलीम अली १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्षी-सर्वेक्षणासाठी इथे मुक्कामाला होते, तेव्हा ही ट्राम चालू होती.

नकाशावर सध्या तीन प्रकारच्या रेषा आहेत. जिथे पत्रक, छेद आणि प्रत्यक्ष जमीन या तिन्हींची साक्ष मिळाली तिथे अखंड तांबडी, जिथे फक्त पत्रक आणि छेद जुळले तिथे अखंड करडी, आणि जलाशयाखालच्या पट्ट्यात तुटक निळी. करडी रेषा सर्वांत लांब आहे. पावसाळा संपल्यावर ट्रामच्या मार्गावरच्या आनप्पांतमच्या बाजूने परवानगी मिळाली तर तिच्यातला काही भाग तांबडा करता येईल, आणि त्यासाठी ५८ बी/७ व ५८ बी/११ यांच्या सांध्यावरचे चार बिंदू मी आधीच मोबाइलमध्ये भरून ठेवले आहेत.